ताईची गोधडी आणि माझी केबिन

निवृत्त झालेला माणूस एक तर देवाच्या मागे लागतो, नाही तर बायकोच्या. मी दोन्हीकडे जाऊन पाहिलं. देवाने काही उत्तर दिलं नाही आणि बायकोने दिलं, त्यामुळे तिसरा उद्योग शोधणं भाग पडलं. तो मला थोरल्या बहिणीच्या घरी सापडला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची सगळी नोकरी सुटाच्या कापडाच्या एका दुकानात गेली. दर हंगामाला तिथल्या नमुन्यांच्या वह्या बाद व्हायच्या. त्यांतले वीतभर लांबीचे तुकडे ती पिशवीत भरून घरी आणायची आणि जोडत बसायची. करडे, निळे, काळे, बारीक रेघांचे, चौकड्यांचे. पुढे तिला सुईचं भोक दिसेनासं झालं, म्हणून मी दर गुरुवारी जाऊन दहा-पंधरा सुया ओवून तिच्या टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवू लागलो. ओवता ओवता धावदोरा घालायला शिकलो, मग मशीनवर बसायला. दोन उशांचे अभ्रे शिवले, स्कूटरच्या सीटला कव्हर शिवलं. एकसष्टाव्या वर्षी माणसाला नवीन काही येऊ लागलं की तो फार असह्य होतो. मी झालो. लोकांच्या घरी गेलो की पडद्यांच्या शिवणी उलट्या करून बघायचो.

मग ताईचे अंगठे गेले. सांध्यांनी दगा दिला. कात्री धरवेना, सुई धरवेना. एका गुरुवारी तिने कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. सात वर्षं जोडलेली गोधडीची वरची बाजू होती ती. दोन माणसांच्या पलंगाला पुरून खाली लोंबेल एवढी.

"मधला कापूस आण, खालचं अस्तर आण आणि मशीनवर सरळ रेघा मार," ती म्हणाली. "नक्षीबिक्षी नको. थंडी पडायच्या आत दे."

"देतो की," मी म्हटलं. "आधी जरा जागा नीट करून घेतो."

या एका वाक्यात माझे पुढचे चार महिने गेले.

आमच्या घरात मागच्या बाजूला पाच फूट बाय सात फुटांची एक खोली आहे. तिला खोली म्हणायचं ते केवळ दार आहे म्हणून. तिथे बायको सुटकेसा, जुने पंखे, वाळवणाच्या दोऱ्या आणि मुलीच्या शाळेपासूनच्या वह्या ठेवत असे. मी तिला सांगितलं की ही खोली आता शिवणाची.

"आणि यातलं सामान?"

"त्याची सोय करतो."

सोय म्हणजे सगळं पलंगाखाली ढकललं. पलंगाखाली मावलं नाही ते बोळात आलं. एका सुटकेसला ठेचकाळून बायकोच्या पायाचं नख काळं झालं. त्यावर मी तिला म्हणालो की मोठ्या कामात एवढं चालायचंच. पुढचे दोन दिवस भाजीत मीठ बेताचंच होतं.

आता मी जागेचा एवढा सोस का धरला, ते सांगतो. एकतीस वर्षं मी लोखंडाच्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवली. क्रेनवाल्याची केबिन म्हणजे साडेतीन फुटांचा लोंबता पिंजरा. फिरती खुर्ची, डावीकडे दांडे, उजवीकडे दांडे, पायाशी भोंग्याची कळ. शिडी चढून एकदा वर गेलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठायचं कारण नाही. सगळं हाताच्या अंतरावर. माझ्या मते जगात यापेक्षा शहाणी जागा कोणी बांधलेली नाही, आणि तशीच जागा शिवणासाठी बांधायची असं मी ठरवलं.

बायकोला टेप धरायला लावून मी स्वतःचा हात मोजला. बसून पुढे किती पोचतो, बाजूला किती, वाकल्याशिवाय किती, वाकून किती. चौकोनांच्या कागदावर आराखडा काढला. समोर भिंतीला टेकून मशीन. डावीकडे इस्त्रीचं टेबल, तेही मशीनपेक्षा चार इंच खाली, म्हणजे खांदा उचलावा लागणार नाही. उजवीकडे कापड कापायचं टेबल. पाठीमागे बिजागरीची फळी; ती खाली पाडली की चौथी बाजूही बंद आणि घड्या ठेवायला आणखी जागा.

सुताराने तो कागद बराच वेळ पाहिला. उलटाही करून पाहिला.

"काका, एक विचारू?"

"विचारा."

"यात माणूस कुठून जाणार?"

"फळी वर करायची, आत जायचं, फळी पाडायची, कडी लावायची."

"कडी कशाला?"

"हलू नये म्हणून."

"फळी की माणूस?"

मी त्याला सांगितलं की तुम्ही फक्त मापं सांभाळा. त्याने सांभाळली. काम उत्तम केलं, हे मान्य करायला हवं. जे काही पुढे झालं त्यात लाकडाचा दोष शून्य.

त्यानंतर भिंती सजल्या. उजव्या भिंतीवर भोकांची फळी लावून मी प्रत्येक हत्याराला खुंटी दिली आणि मागे पेन्सिलीने त्याची आकृती काढली, म्हणजे कात्री जागेवर नसली की कात्रीच्या आकाराचा रिकामपणा दिसावा. डाव्या भिंतीवर बेचाळीस खिळे ठोकून बेचाळीस रिळं लावली, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधे इंद्रधनुष्य. ताईच्या गोधडीला एकच करडा दोरा लागणार होता, पण एक खिळा ठोकून थांबणारा माणूस मी नव्हे. दिवे दोन, सावली पडू नये म्हणून दोन्ही डावीकडून. खुर्चीच्या उंचीला तीन दिवस लागले. मी आत बसून सुताराला "चिमूटभर वर," "अर्धी चिमूट खाली" असं ओरडायचो आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "खुर्ची आहे की आमटी?"

माझं गुरुवारचं जाणं केव्हाच बंद पडलं होतं. मधूनमधून ताईचा फोन यायचा. बायकोच घ्यायची.

"ताई विचारत होत्या."

"गोधडीचं?"

"नाही, तुमचं. बरे आहात ना म्हणून."

खोली पूर्ण झाल्यावर मी चाचणी घेतली. सकाळी नऊला आत शिरलो, कडी लावली आणि एकदाही न उठता दीड तासात गरम भांड्याखाली ठेवायच्या सहा चौकोनी गाद्या शिवल्या. कापलं, शिवलं, इस्त्री केली, सगळं खुर्ची फिरवून. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी आणखी आठ शिवल्या. चौदा गाद्या मी जेवणाच्या टेबलावर मांडून बायकोला बोलावलं.

तिने मोजल्या. "आपल्या घरात सगळी मिळून अकरा भांडी आहेत," ती म्हणाली.

"तीन शेजारी देऊ."

"आणि ताईंची गोधडी?"

तिला मी सांगितलं की यंत्र नवीन असताना आधी हलकं काम देऊन बघायचं असतं. हे कारखान्यात खरं आहे. घरात ते खरं आहे की नाही, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. खरं सांगायचं तर तो गठ्ठा मी चार महिन्यांत एकदाही सोडला नव्हता. कपाट उघडलं की मी त्याच्याकडे न बघता शेजारचा रुमाल काढायचो.

शेवटी सकाळी अंघोळीचं पाणी नुसतं कोमट करून भागेना. ताईने ठरवल्याप्रमाणे थंडी आली आणि मी ठरवल्याप्रमाणे तयार नव्हतो. मग मीच फोन करून मोठेपणाने तिला सांगितलं, "रविवारी ये जेवायला. खोली बघ आणि पहिल्या रेघा पडताना बघ." मनात बेत असा होता की ती यायच्या आत तीन रेघा मारून ठेवायच्या, म्हणजे चुकलं तर उसवता येईल.

शनिवारी आम्ही दोघांनी सोफा गॅलरीत काढला आणि बैठकीच्या खोलीत फरशीवर अस्तर, त्यावर कापूस, त्यावर ताईची वरची बाजू, असे तीन थर अंथरले. मग गुडघ्यांवर रांगत एकमेकांकडे सरकत दोनशे सेफ्टी पिना लावल्या. उठताना मी टेबलाचा पाय धरला आणि बायकोने माझा. गोधडी उचलली तेव्हा मात्र मी जरा चरकलो. सुटाचं कापड ते. झोपलेली म्हैस उचलावी तसं वाटलं.

रविवारी सकाळी बायको ताईला आणायला बसथांब्यावर गेली. मी गोधडी घेऊन केबिनमध्ये शिरलो, फळी पाडली, कडी लावली, दिवे लावले.

पहिली अडचण अशी निघाली की गोधडी शिवताना ती पुढे सरकते, आणि पुढे भिंत होती. सरकलेलं कापड भिंतीला आपटून परत माझ्याकडे यायचं. दुसरी अशी की डावीकडचं टेबल चार इंच खाली, त्यामुळे डावीकडे गेलेला भाग त्या खड्ड्यात उतरायचा, तिथून जमिनीवर घसरायचा आणि जाता जाता सगळी गोधडी स्वतःबरोबर ओढायचा. सुईखाली टाके पडायचे ते कधी मुंगीएवढे, कधी झुरळाएवढे. पहिली सुई वाकली. दुसरी मोडली. मी डावा भाग उचलून शालीसारखा खांद्यावर घेतला. तो पाठीवरून मागच्या फळीवर गेला आणि तिथे बसला. उरलेला पोटाशी घट्ट धरला. घाम फुटला. पण आता कापड ओढत नव्हतं, म्हणून मी पाय दाबला आणि जवळजवळ फूटभर सलग रेघ मारली. फार समाधान वाटलं. मग दोऱ्याचा गुंता झाला आणि सुई खाली रुतून बसली ती बसलीच.

उठून बघावं म्हणून उठू लागलो, तर उठता येईना. सदऱ्याची पुढची कड अस्तराबरोबर शिवली गेली होती. मशीनने गोधडी धरली होती, गोधडीने सदरा आणि सदऱ्याने मला. कडी पाठीमागच्या ढिगाखाली होती. टाके उसवायचं हत्यार उजव्या भिंतीवर स्वतःच्या आकृतीत लखलखत होतं, माझ्या हाताच्या बरोबर अंतरावर, फक्त हात गोधडीत होता.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मग किल्लीचा आवाज आला. बायकोने हाक मारली, "अहो?"

"आतच आहे," मी म्हणालो. "सावकाश या."

पण त्या आल्याच. खोलीच्या दारात ताई उभी राहिली, मागे बायको. ताईने आधी रिळं पाहिली, मग हत्यारांची भिंत, मग दिवे, मग मला. ती कधीच घाईने बोलत नाही.

"छान केलंयस रे," ती म्हणाली. "तुझी जागा झाली. गोधडी कुठे बसणार?"

कारखान्यात पहिल्या दिवशी मुकादमाने मला वर पाठवण्याआधी एकच गोष्ट सांगितली होती. हुकाला काय लटकलंय आणि ते कुठे जाणार, एवढंच बघ. तू कुठे बसलायस त्याच्याशी लोखंडाला देणंघेणं नाही. एकतीस वर्षं मी ते पाळलं होतं. आणि इथे चार महिने स्वतःचा हात मोजला, पाठ मोजली, खुर्चीची उंची मोजली, आणि जे ओझं उचलायचं होतं त्याला एकदाही टेप लावली नव्हती.

"मला आधी बाहेर काढा," मी म्हटलं.

ताईने टाके उसवायचं हत्यार उचललं, पण अंगठ्यात बळ नव्हतं. बायको म्हणाली, "सदरा आत राहू दे, माणूस बाहेर काढू." दोघींनी खांद्यावरचा ढीग उचलून धरला, मी आतल्या आत बटणं सोडली, सदऱ्यातून खाली घसरलो आणि इस्त्रीच्या टेबलाखालून रांगत बनियनवर बहिणीच्या पायाशी बाहेर आलो. तिने मला लहानपणी पुष्कळदा असं कशा ना कशाखालून बाहेर काढलं आहे, त्यामुळे तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

चहा होईपर्यंत बायकोने टाके उसवून गोधडी मोकळी केली आणि मी दुसरा सदरा घालून आलो. ताई स्वयंपाकघरात बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं.

"ताई, फूटभर रेघ मारली आहे. वाकडी आहे. टाके एकसारखे नाहीत. एका ठिकाणी निळ्या तुकड्याला सुईने भोक पडलंय."

"बरं."

"तू सात वर्षं जोडलंस. मला वाटलं, जागा चांगली असली तर हात चुकणार नाही."

"म्हणून खिळे ठोकत बसलास."

"हो."

तिने कप दोन्ही तळव्यांत धरला. अंगठ्यांनी तिला कप धरता येत नाही. "वरची बाजू कधी पुरी झाली, माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"मागच्या वर्षी."

"अंगठे मागच्या वर्षी गेले. ती त्याच्या तीन वर्षं आधी झाली होती. तू ओवायचास त्या सुयांनी मी नुसत्या पिशव्या शिवायचे. मी सांगायचे, मनासारखं अस्तर मिळत नाही. कापडाच्या दुकानात सगळी नोकरी करून सांगायचे, अस्तर मिळत नाही." ती थोडी हसली. "मशीनखाली घालायचा धीर नव्हता. अंगठे गेले तेव्हा एका परीने सुटलेच मी. तुझ्यावर ढकलता आली."

मी बायकोकडे पाहिलं. ती साखरेचा डबा पुसत होती. तो आधीच पुसलेला होता.

"मग आता काय करू?" मी विचारलं.

"फूटभर मारलीयेस ना. पुढे मार."

मला लगेच एक कल्पना सुचली. छताला हुक ठोकायचा, त्याला ताणाच्या दोऱ्या आणि चिमटे लावायचे आणि गोधडी वरून टांगायची, म्हणजे तिचं वजन सुईवर येणारच नाही. मी कागद ओढून रेघा काढू लागलो. बायकोने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, आपल्या अंबाड्यात खोचली आणि उठली.

तिने बैठकीच्या खोलीतलं जेवणाचं टेबल डावीकडची भिंत आणि समोरची भिंत यांच्या कोपऱ्यात सरकवलं, पण दोन्हीकडे हातभर जागा सोडून. डावीकडच्या फटीत तिने इस्त्रीची घडीची फळी टेबलाच्या उंचीला उघडली आणि समोरच्या फटीत दोन खुर्च्यांवर उशा रचल्या. मशीन टेबलाच्या उजव्या कडेला ठेवलं. गोधडी अंथरली तशी ती डावीकडे पसरली, पुढे पसरली आणि कुठेही लोंबली नाही. चहाचा दुसरा घोट घेईस्तोवर सगळं झालं होतं. मी तिला विचारलं की हे तुला आधी का सुचलं नाही.

"आधी मला विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

त्या दिवशी ताई जवळ बसली असताना मी दोन रेघा पुऱ्या केल्या. दुसरी पहिलीपेक्षा बरी आली. तिसरी मात्र ताई गेल्यावर अशी गेली की नदीच. उसवू का म्हणून मी फोन केला, तर ती म्हणाली, "उसवलंस तर परत घेणार नाही."

एकूण नऊ दिवस लागले. क्रेनवाल्याला खाली उभं राहून हातवारे करणारा एक माणूस लागतोच. वरच्याला ओझ्याची पलीकडची बाजू दिसत नाही. ते काम बायकोने घेतलं. ती टेबलापलीकडे उभी राहून कापड सोडायची आणि सांगायची, "थांबा. घ्या. सैल आहे, घ्या. आता थांबा." दर वीस मिनिटांनी ती मला उठवून बोळातून एक चक्कर मारायला लावायची. चाचणीच्या दीड तासात माझी कंबर इतकी धरली होती की मी दोन दिवस गुपचूप तेल चोळत होतो, हे तिला माहीत आहे याची मला कल्पना नव्हती.

जेवणाचं टेबल अडकल्यामुळे आम्ही त्या नऊ दिवसांत केबिनमध्ये जेवलो. एक जण मशीनच्या जागी, एक जण कापायच्या टेबलाशी. खरं सांगतो, जेवायला तशी दुसरी जागा नाही. मीठ हाताशी, पाणी हाताशी, लोणचं खुर्ची फिरवली की समोर. चौदा गाद्याही कामाला आल्या. कडी मात्र सुताराला बोलावून काढून टाकली. त्याने कारण विचारलं नाही, पण जाताना जरा जास्तच नम्रपणे नमस्कार केला.

दहाव्या दिवशी आम्ही गोधडी ताईकडे नेऊन तिच्या पलंगावर टाकली. तिने तळव्यांनी ती सगळीकडून चाचपली, माझ्या तिसऱ्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि ती बाजू पायाशी येईल अशी फिरवून घेतली. सुईने पडलेल्या भोकावर मी एक टिकलीएवढं ठिगळ लावलं होतं. ते तिने पाहिलं. म्हणाली, "हे चांगलं जमलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. या वेळी मीच घेतला.

"फार जड आहे रे. कूस बदलायची म्हणजे काम आहे."

"म्हणजे वापरवत नाही?"

"असं कुठे म्हणाले? साडेसातला उठले आज."

ताई आयुष्यभर पाचला उठत आली आहे. मी फोन ठेवून बायकोला ते सांगितलं. ती ऐकत ऐकत टेबलावर तीन-चार कापडं एकमेकांशेजारी लावून बघत होती. ही नवी गोधडी तिची स्वतःची आहे. रंग तिनेच निवडलेत, त्यात पिवळा फार झालाय असं मला वाटतं, पण ते अजून कोणी मला विचारलेलं नाही.